डाळिंबी सावली

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. खाली दुकानांची रांग आहे, आणि त्या दुकानांचं छप्पर म्हणजे आमची गच्ची. वरच्या मजल्यांवरून तिच्यात काय काय पडतं. कपड्यांचे चिमटे, एकेकटे मोजे, एकदा एक अख्खी चादर. मग ते न्यायला माणसं येतात. मी लहानपणापासून दार उघडायला आईला पुढे करते. ती प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलते, आणि मी आतल्या खोलीतून ऐकते. बिल्डिंगमधल्या निम्म्या गोष्टी मला अशाच कळलेल्या आहेत.

बिल्डिंगच्या वरच्या सामायिक गच्चीवर गळती थांबवण्यासाठी पत्रे टाकले, तेव्हापासून सगळ्यांच्या वाट्याचं ऊन आमच्याकडे आलं. एप्रिल उजाडला की बायका पापड, कुरडया, सांडगे घेऊन आमच्या घरातूनच गच्चीवर जायच्या. कुरडया हे खातं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. त्या देशावरच्या. आई कोकणातली, तिला पोह्याचे पापड तेवढे माहीत होते. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा काकूंनीच तिला कुरडई शिकवली, आणि मग दर वर्षी चीक काकूंनी शिजवायचा, सोऱ्या आईने धरायचा, असं ठरूनच गेलं. आईच्या कुरडया एकसारख्या गोल पडायच्या. एरवी ती कुणी कौतुक केलं की विषय बदलते. कुरडयांच्या बाबतीत मात्र बदलत नसे.

गेल्या वर्षी आईला ऊन सोसेनासं झालं. आधी आम्हाला वाटलं घामोळं असेल. गालांवर, हातांवर लालसर चट्टे उठायचे, काही दिवसांनी ते फिके पडायचे, पण पुरते जायचे नाहीत. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की हा उन्हाने चाळवणारा आजार आहे, दुसऱ्याला होत नाही, पण ऊन टाळायचं म्हणजे टाळायचं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आईने ओढणीसारखा पदर डोक्यावर घेतला आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, हे कुणाला सांगायचं नाही.

मी विचारलं, का?

"चट्टे म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच येतं," ती म्हणाली. "आणि तुझं अजून व्हायचंय."

कोड हा शब्द तिने उच्चारला नाही. तिला ते नव्हतंच. असतं तरी काय बिघडलं असतं, हे मला तेव्हा म्हणायचं होतं, पण रिक्षावाला आरशातून बघत होता आणि मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं. घरातही आम्ही तिघं या बाबतीत सारखेच आहोत. एखादी गोष्ट सांगायची नाही असं ठरलं की ती आपसातसुद्धा बोलायची बंद होते.

त्या वर्षी वाळवणाच्या दिवसांत आईने पाठदुखीचं कारण सांगितलं. दार उघडून द्यायची, चहा करायची, आणि खिडकीच्या आत बसून बाहेर बघायची. बायका हाका मारायच्या, ती हसून हात हलवायची. हळूहळू हाका कमी झाल्या. काकू एक-दोनदा थेट विचारायला आल्या, तेव्हा आईने पाठ धरून दाखवली. आई खोटं बोलण्यात अगदीच कच्ची आहे. काकूंना ते दिसलं असणार, फक्त त्यामागचं कारण दिसलं नाही. त्यातच त्यांनी माझ्यासाठी त्यांच्या नात्यातलं एक स्थळ सुचवलं होतं, आणि आईने त्यावर हो किंवा नाही काहीच कळवलं नव्हतं. पुढे पुढे काकू जिन्यात भेटल्या तर मान हलवून जायच्या. आईचं म्हणावं असं बाहेरचं जग गच्चीवरच्या त्या चार बायकांएवढंच होतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत, खिडकीच्या पलीकडे, तिच्याशिवाय चालू होतं. पुढच्या एप्रिलपर्यंत काही केलं नाही तर ते कायमचंच तसं होईल, हे तिला कळत होतं. मलाही.

बाबा म्हणाले, पत्रे टाकू. एकदाच काय ते. सोसायटीने कायमच्या शेडला परवानगी नाकारली तेव्हा बाबांना वाईट वाटलं आणि आईला बरं वाटलं. तिला सावली हवी होती, पण ऊन घालवायचं नव्हतं. "पत्रे टाकले तर वाळवण कुठे घालतील?" ती म्हणाली. बाबा म्हणाले, हल्ली सगळं विकत मिळतं. पण पत्र्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

उघडमीट होणारी सावली असते, हे मी शोधून काढलं. मी ठाण्याला ऑफिसात जाते, आणि जेवणाच्या सुट्टीत मला कुणाशी बोलावं लागू नये म्हणून फोनवर काहीतरी वाचत बसते. तसंच वाचताना हे सापडलं. भिंतीला एक लांब पेटी, तिच्यात गुंडाळलेलं कापड, आणि कोपरात दुमडणारे दोन धातूचे हात. हँडल फिरवलं की हात सरळ होतात आणि कापड बाहेर येतं. मी वाचत होते ती पानं सगळी परदेशातली. लाकडी डेक, मांस भाजायची शेगडी, हिरवळीवर झोपलेलं कुत्रं. तिथे सावलीचा उपयोग लोक निवांत बसायला करतात. कुरडया घालणाऱ्यांनी काय करावं, याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

मग मलाच उत्सुकता वाटायला लागली. मी शाळेत भूगोल इंग्रजीतून शिकलेली. सूर्याचा कोन वगैरे परीक्षेत व्यवस्थित लिहिलेलं, पण तो आमच्या गच्चीवर कुठून येतो हे कधी बघितलं नव्हतं. एका रविवारी मी भिंतीतल्या खिळ्यांना आणि पुढे दोन काठ्यांना जुनी चादर बांधली, आणि तिची सावली कुठवर जाते तिथे खडूने रेघ मारत राहिले. आमची गच्ची पूर्वेला तोंड करून आहे. दुपारी चादरीखाली छान चौकोनी सावली पडली. सकाळी मात्र चादर बांधून काही फरकच पडला नव्हता. ऊन समोरून, चादरीच्या खालून, तिरकं येऊन थेट भिंतीवर चढत होतं. आणि वाळवण तर सकाळीच घालतात.

बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "फरशी कोण पुसणार?" पण नंतर खडूची एक रेघ पुढे सरकवायची राहिली होती, ती त्यांनीच मारली.

अर्थात ही चादर वरच्या सगळ्या मजल्यांवरून दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर काकू गेटपाशी भाजीवाल्याकडून कोथिंबीर निवडून घेत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "गच्ची झाकताय म्हणे. आमचं वाळवण खुपायला लागलं वाटतं डोळ्यांत."

मी म्हणाले, नाही काकू. पुढचं वाक्य मला रस्ता ओलांडल्यावर सुचलं, आणि ते इंग्रजीत होतं.

संध्याकाळी हे मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, पण पोळी एका बाजूला फार पातळ झाली. मी म्हटलं, सांगून टाकूया ना त्यांना. ती म्हणाली, आधी ते छप्पर येऊ दे. मी सावलीत का होईना, त्यांच्यात बसलेली दिसले की आपोआप सगळं नीट होईल.

अशी छपरं विकणारं दुकान ठाण्यात, खोपटला, एस.टी. डेपोपासून थोडं आत होतं. दुकानदार पन्नाशीचा, बोलका, मराठीत सुरू होऊन हिंदीत संपणारा माणूस होता. बाबांनी पहिलाच प्रश्न पावसाचा विचारला. त्याने हात जोडले. म्हणाला, सगळे हेच विचारतात. "साहेब, हे उन्हासाठी आहे. पावसात बाहेर ठेवलं तर कापडाला पोट येतं, पाणी साचतं, मग हात वाकतात. वारा सुटला की आत घ्यायचं, पाऊस आला की आत घ्यायचं. बाकी टेन्शन नहीं."

"म्हणजे हेच आमच्याकडून कामं करून घेणार," बाबा म्हणाले आणि एका खुर्चीत जाऊन बसले.

मी सकाळच्या उन्हाचं विचारलं. मला वाटलं होतं की तो हसेल, पण त्याने एक नमुना दाखवला. त्यात छपराच्या पुढच्या कडेतून आणखी एक पडदा खाली येत होता, हवा तेवढा. समोरून येणारं तिरकं ऊन त्याने अडतं. माझ्या खडूच्या रेघांचं उत्तर तिथे लटकत होतं. मी तो पडदा खाली-वर, खाली-वर करत राहिले, इतका वेळ की दुकानदार म्हणाला, मॅडमना पसंत आहे.

मग रंग. कापडाचे मोठे तुकडे त्याने एकात एक अडकवून ठेवले होते. फिका बदामी सगळे घेतात, तो म्हणाला, उजेडही राहतो आणि मळकं दिसत नाही. मोटर हवी की हँडल, हे बाबा विचारत होते. आई ते तुकडे घेऊन दुकानाच्या पायरीवर गेली. छत्री उघडली, दांडा खांद्याला टेकवला आणि अंगावर सावली धरली, फक्त एक हात छत्रीच्या बाहेर काढला. दुसऱ्या हाताने त्यावर एकेक तुकडा धरायला लागली. बदामी, मग हिरवा, मग निळा. प्रत्येक वेळी बाही थोडी वर सरकवायची, हात उलटा करायची, सुलटा करायची, आणि बघत राहायची.

दुकानदाराला वाटलं, ती कापड तापतं का ते बघतेय. तो आतून म्हणाला, "ताई, गरम नाही होत, गॅरंटी."

मीही आधी तेच समजले. मग तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. हिरव्या तुकड्याखाली तिचा हात आजारी दिसत होता, आणि मनगटावरचे चट्टे काळपट. बदामीखाली जसेच्या तसे. निळ्याखाली तर तिने फार वेळ धरलाच नाही. शेवटी तिने डाळिंबी तुकडा धरला. सबंध हात तांबूस झाला आणि चट्टे त्यात विरघळून गेले. तिने हात जवळ नेला, लांब नेला. मग माझाही हात ओढून त्याखाली घेतला आणि दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही एकाच रंगाचे दिसत होते.

"हा," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, डाळिंबी? मांडव वाटेल. दुकानदारही म्हणाला की एवढा गडद रंग गच्चीला कुणी घेत नाही. आई म्हणाली, मला आवडला. ती इतक्या ठामपणे साडीसुद्धा निवडत नाही. मला कारण कळलं होतं, पण ते मी बोलले नाही. मला तर तिची युक्ती आवडली होती. रंग दुसऱ्या रंगाला गिळतो, ही गोष्ट तिला कुठून सुचली असेल याचा मी परतीच्या बसमध्ये विचार करत होते.

पाडव्यानंतर छप्पर बसलं. पहिल्या दिवशी बाबांनी हँडल इतक्या वेळा फिरवलं की आईने ते काढून कपाटावर ठेवलं. खाली बसून वर बघितलं की डाळिंबाच्या आत बसल्यासारखं वाटायचं. पुस्तकाची पानं गुलाबी, दूध गुलाबी. आईने काकूंना निरोप पाठवला की गच्ची नेहमीसारखीच मोकळी आहे, गहू भिजत घाला, आणि चीक शिजवायची शेगडीही आता बाहेर सावलीत मांडता येईल. निरोप घेऊन अर्थात मलाच जावं लागलं. काकू म्हणाल्या, बघू. पण गहू त्यांनी भिजत घातले.

त्या सकाळी मी सुट्टी घेतली होती. आईने पहाटेच उठून शेगडी छपराखाली मांडली, छप्पर पूर्ण बाहेर काढलं आणि पुढचा पडदा खाली सोडला. हातभर फट तेवढी राहिली. ती आत बसली, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, सोऱ्या धुऊन पुसून समोर ठेवलेला. पडद्याबाहेर उन्हात प्लास्टिक अंथरलं होतं. काकू आल्या, त्यांच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरची एक वहिनी आली. दोघी पडद्यासमोर थांबल्या.

"आत यायचं की इथूनच दर्शन घ्यायचं?" काकू म्हणाल्या. वहिनी हसली. आईसुद्धा हसली, पण उठून पडदा वर केला नाही. दोघी बाजूने आत आल्या.

काकूंनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, मीठ-हिंग घातलं आणि चीक ओतून ढवळायला घेतलं. चीक शिजला की त्याचा रंग बदलतो. कच्चा असतो तेव्हा खडूसारखा पांढरा, शिजला की काचेसारखी झाक येते. ती झाक नेमकी बघून गॅस बंद करायचा. लवकर बंद केला तर कुरडई तुटते, उशीर झाला तर चीक सोऱ्यातून उतरत नाही. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, कारण काकू पातेल्यात डोकं घालून बघत होत्या आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. चीक गुलाबी दिसत होता. ढवळला तरी गुलाबी, कालथ्यावर घेऊन बघितला तरी गुलाबी.

"अहो, हा चीक आहे की गुलकंद? काही दिसत नाही मला यात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तो पडदा वर घे गं. आणि ते छप्पर पण घे मागे."

हँडल माझ्याजवळ होतं. मी आईकडे बघितलं. ती पातेल्याकडे बघत होती. एका क्षणात तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की ती नाही म्हणणार नाही. ती उन्हात बसेल, दुपारपर्यंत चेहरा पेटेल, पुढचे आठ दिवस ती अंधाऱ्या खोलीत काढेल, आणि पाठ दुखते म्हणेल.

"ऐकू येत नाही का गं? हात भरलेत माझे." काकू स्वतःच उठायला लागल्या.

"नको काकू," मी म्हणाले. "आईला ऊन चालत नाही. आजार आहे तिला. गेल्या वर्षी पण पाठ नव्हती दुखत."

मी एवढं सलग त्यांच्यासमोर कधीच बोलले नव्हते. वहिनीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. काकूंचा हात मात्र चीक ढवळतच होता, कारण थांबलं असतं तर गुठळ्या झाल्या असत्या.

"कसला आजार?"

आई उठली आणि घराच्या दारात, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात जाऊन उभी राहिली. तिने बाही कोपरापर्यंत वर केली. काकूंनी कालथा वहिनीच्या हातात दिला, जवळ गेल्या, हात धरून बघितला, आणि आम्ही वर्षभर ज्याला घाबरत होतो तो शब्द सरळ विचारला.

"कोड?"

"नाही हो. उन्हाने उठतात. गोळ्या चालू आहेत."

"दुखतं?"

"आग होते."

"मग लपवलंत कशाला?" त्या म्हणाल्या, आणि आई माझ्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा आवाज खाली आला. "हिच्यासाठी? म्हणून त्या स्थळाचं पण तोंड उघडलं नाहीत? अहो, मी समजले आमची माणसं तुमच्या तोलाची नाहीत. वर्षभर मी जिन्यात तुमच्याशी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

आई म्हणाली, "त्या लोकांना पुढे कळलं असतं, तर तुम्हाला खाली बघावं लागलं असतं."

"मी कशाला खाली बघते? मी तर सांगूनच विचारेन. चालत असेल तर या, नसेल तर राहिलं."

"काकू," मी म्हणाले, "आधी मला विचाराल का?"

वहिनी खुदकन हसली. काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जणू मी आजच वरून गच्चीत पडले होते. "ही बोलते होय," त्या आईला म्हणाल्या. मग पातेल्याकडून जळका वास आला आणि सगळं बोलणं तिथेच थांबलं.

बुडाचा थोडा चीक लागला होता, वरचा वाचला. काकूंनी पातेलं उचलून सरळ आमच्या स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली नेलं आणि झाक येईपर्यंत तिथेच ढवळलं. परत येताना त्यांनी वाटणीच बदलून टाकली. चीक आत शिजेल. कुरडया बाहेर उन्हात. आणि वहिनीने उडदाच्या पापडाचं पीठ मळून ठेवलं होतं, ते उद्या घरात पंख्याखाली करायचं ठरलं होतं, ते आत्ताच इथे काढायचं. उडदाचे पापड सावलीतच वाळवायचे असतात, उन्हात टाकले तर ते वेडेवाकडे होतात. बिल्डिंगभर पलंगांवर आणि सोफ्यांवर पापड पसरणाऱ्या बायकांना इतक्या वर्षांत एवढी मोठी सावली मिळालीच नव्हती. काकू पाट घेऊन आईसमोर बसल्या. पापड लाटताना एकदा म्हणाल्या की रंग तेवढा चुकला तुमचा. आईने मान्य केलं.

कुरडयांसाठी मग कुणी उरलं नव्हतं. वहिनीने गरम चीक सोऱ्यात भरला, सोऱ्या माझ्या हातात दिला आणि ती पापड लाटायला आत बसली. तो माझ्या अंदाजापेक्षा खूप जड होता आणि कापडातूनही चटका बसत होता. मी टोपी घालून उन्हात वाकले आणि दाबायला लागले. तार मध्येच तुटायची, पुन्हा कुठून सुरू करायची ते कळायचं नाही. पहिली कुरडई कुणाच्याही नजरेला पडू नये असं मला वाटत होतं, पण ती भर उन्हात होती.

पडद्याच्या फटीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं. गोळ्यांनी भूक मरते का, डॉक्टर कुठले, केस गळतात का, काकूंच्या बहिणीला काहीसं असंच झालेलं का, की ते वेगळं. आई उत्तरं देत होती, एकेक, सविस्तर, आणि उत्तरांच्या मध्ये लाटण्याचा आवाज येत होता. मी ऐकत राहिले आणि तेवढ्यात माझा घेर भलतीकडेच गेला.

फट थोडी रुंद झाली. आईने आतूनच, सावली न सोडता, बाहेर डोकावून बघितलं.

"गोल घाल गं," ती म्हणाली. "नकाशा काढू नकोस."

आत दोघी हसल्या. मी सोऱ्या पुन्हा भरून घेतला.